अन्नदानाकडून पालकत्वाकडे

(रस्त्यावरील मुलांसाठी काम करू इच्छिणारे कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेले भाषण)

शहरातील कोणत्याही मोठ्या चौकात लाल दिवा लागला की गाड्या थांबतात आणि त्यांच्या रांगांमधून आठ-नऊ वर्षांची मुले धावू लागतात. कोणाच्या हाती गजरे असतात, कोणाच्या हाती फुगे, तर कोणाच्या कडेवर धाकटे भावंड. गाडीत बसलेल्या सुस्थित माणसाच्या मनात त्या मिनिटभरात मोठे द्वंद्व चालते. नाणे दिले तर भिकेला खतपाणी घातल्यासारखे होते आणि न द्यावे तर पोटात कालवते. एवढ्यात दिवा हिरवा होतो, गाडी पुढे जाते आणि प्रश्न तेथेच राहतो.

या प्रश्नाचे उत्तर समाजातील सहृदय माणसे आपापल्या परीने शोधत असतात. कोणी मुलाच्या वाढदिवशी पुलाखालच्या वस्तीत पुरीभाजीची पाकिटे वाटतो, कोणी पितृपक्षात, कोणी वडिलांच्या स्मृतिदिनी. या भावनेत खोट काढण्याचे कारण नाही. उपाशी लेकराच्या पोटात एक घास गेला तर तो पुण्याचाच आहे. पण सेवाकार्य करणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा. आज पाकीट मिळालेले मूल उद्या काय खाणार, आणि सहा महिन्यांनी ते कोठे असणार? याचे उत्तर देणाऱ्याजवळ नसेल, तर त्याने अन्न दिले, पण त्या मुलाचा भार उचलला नाही, असे म्हणावे लागते.

प्रथम 'रस्त्यावरचे मूल' म्हणजे कोण, हे नीट समजून घेतले पाहिजे. सरसकट सर्वांना अनाथ समजण्याची चूक फार होते. वास्तविक या मुलांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट घर सोडून आलेल्या, एकट्या पडलेल्या मुलांचा. ती रेल्वे स्थानकांवर, बाजारात, बस आगारात राहतात. दुसरा गट दिवसभर रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या किंवा किरकोळ वस्तू विकणाऱ्या आणि रात्री झोपडीतील आई-बापाकडे परतणाऱ्या मुलांचा. तिसरा गट असा की, ज्याचे सगळे कुटुंबच पदपथावर किंवा उड्डाणपुलाखाली राहते. तिघांच्याही हातात सारखेच फुगे दिसतील, पण तिघांचे दुःख निराळे आणि म्हणून उपायही निराळा.

पहिल्या गटाचे उदाहरण घ्या. २०१८ पासून मे २०२४ पर्यंत रेल्वे सुरक्षा दलाने देशभरातील गाड्या व स्थानकांतून ८४ हजार ११९ मुलांची सुटका केली. त्यांपैकी एकट्या २०१८ मध्ये १७ हजार ११२ मुले सापडली आणि त्यांतील १३ हजार १८७ मुले घरातून पळून आलेली होती. २०२० मध्ये हा आकडा ५ हजार ११ वर आला. तो घटला म्हणून मुलांचे दुःख घटले असे नव्हे. टाळेबंदीमुळे गाड्याच थांबल्या होत्या. घर सोडणाऱ्या मुलामागे कधी बापाचा मार असतो, कधी परीक्षेतील अपयश, कधी सावत्रपणाचा जाच, तर कधी चित्रपटातील मुंबईचे आकर्षण. फलाटावर पाय ठेवल्यानंतरचे पहिले काही तास त्याच्या आयुष्याची दिशा ठरवतात. त्या वेळात भला माणूस भेटला तर ते वाचते. नाही तर व्हाइटनर हुंगायला शिकवणारे आणि त्याला कामाला जुंपणारे 'दादा' तेथे टपलेलेच असतात. अशा मुलाला वडापाव देऊन पुढे जाणे म्हणजे त्याला त्याच फलाटावर आणखी एक दिवस टिकवून ठेवणे होय. त्याला खाऊ घालावे, त्याच्याशी बोलावे आणि १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे, हे खरे कर्तव्य. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून सुरू झालेली ही सेवा पुढे देशभर पसरली आणि २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेत सामावली गेली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार असे मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. कोणीही परस्पर त्याला घरी नेऊन ठेवू नये; हेतू कितीही शुद्ध असला तरी ते बेकायदा आहे.

मुंबई परिसरातील 'समतोल फाउंडेशन' २००४ पासून याच क्षेत्रात काम करीत आहे. स्थानकांवर फिरून मुलांना हेरणे, त्यांचा विश्वास मिळवणे, पंचेचाळीस दिवसांच्या मनपरिवर्तन शिबिरात त्यांना ठेवणे आणि मग पालकांच्या हाती सोपवणे, अशी तिची पद्धत आहे. हे पंचेचाळीस दिवस महत्त्वाचे आहेत. पळून आलेल्या मुलाला दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवून घरी धाडले आणि घरचा जाच तसाच राहिला, तर ते पुन्हा पळते. शरीराची भूक एका जेवणाने भागते, मनावरचा चरा भरायला दिवस लागतात.

तिसऱ्या गटाची कथा अगदी वेगळी आहे. तेथे आई-बाप जवळच आहेत, पण घरच नाही. ठाण्याचा तीन हात नाका सर्वांना परिचित आहे. पूर्व द्रुतगती महामार्ग आणि लालबहादूर शास्त्री मार्ग जेथे भेटतात, तेथील उड्डाणपुलाखाली मराठवाड्यातून आलेली कुटुंबे वर्षानुवर्षे राहत होती. त्यांत पारधी समाजाची कुटुंबे बरीच. ज्या जमातींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि ज्यांची त्यातून सुटका व्हायला स्वतंत्र भारतात १९५२ साल उजाडावे लागले, त्यांतील हा एक समाज. गावात जमीन नाही, असली तर पाणी नाही, आणि चोरी कोठेही झाली तरी संशय यांच्यावरच. अशी माणसे शहराच्या पुलाखाली येऊन राहिली, तर नवल ते काय?

या पुलाखाली १५ जून २०१६ रोजी 'सिग्नल शाळा' सुरू झाली. ठाणे महानगरपालिकेच्या सहकार्याने 'समर्थ भारत व्यासपीठ' या संस्थेने ती उभी केली. मालवाहू कंटेनरचे वर्ग करण्यात आले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांपर्यंत जावे, हा त्यामागील साधा विचार. मुंबईत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'डोअर स्टेप स्कूल'ने याच विचाराने १९९८ मध्ये बसगाडीतील फिरती शाळा पदपथांवरील मुलांपर्यंत नेली होती. तीन हात नाक्यावर शाळा आणखी जवळ, मुलांच्या अंथरुणापासून हाकेच्या अंतरावर आली.

ही शाळा पाटी-पेन्सिलीपासून सुरू झाली नाही. ती आंघोळीपासून सुरू झाली. आधी आंघोळ, मग स्वच्छ गणवेश, मग खाणे आणि त्यानंतर अभ्यास, हा तेथील क्रम. शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही जाड ग्रंथाइतके शहाणपण या क्रमात आहे. रात्रभर वाहनांच्या धडधडाटात झोपलेले, सकाळी काही न खाता सिग्नलवर उभे राहिलेले मूल 'क' ला काना कसा देणार? त्याच्या पोटात आग आणि अंगाला खाज असताना त्याला फळ्याकडे पाहायला सांगणे ही क्रूरताच ठरेल. म्हणून जेवण हे येथे शाळेच्या जोडीला दिलेले आमिष नसून शिक्षणाचाच पहिला धडा आहे. २०१८ मध्ये या शाळेतील दोन मुले दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाली. राज्यातल्या लाखो उत्तीर्णांत दोघांची ती काय गणती, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या पुलाखाली शाळेचा दाखला हीच अपूर्वाई होती, तेथे दहावीची दोन गुणपत्रके येणे म्हणजे पुढच्या सर्व भावंडांसाठी वाट मोकळी होणे होय.

अशा कामात सर्वांत अवघड अडसर कोणता? मुलांचा खोडकरपणा नव्हे. दिवसभर गजरे विकून मूल जे पैसे आणते, त्यावर घरची संध्याकाळची चूल पेटते. त्याला शाळेत बसवले की ती मिळकत थांबते. जे मूल अधिक गोंडस, अधिक केविलवाणे दिसते, त्याच्या हाती अधिक नाणी पडतात आणि त्यालाच शाळेत पाठवायला घरची माणसे अधिक नाखूश असतात. गाडीच्या काचेतून पुढे केलेले नाणे हे त्या अर्थाने शाळेच्या विरोधात टाकलेले मत असते. देणाऱ्याच्या ध्यानीमनीही हे नसते. म्हणून या क्षेत्रातले कार्यकर्ते पालकांशी महिनोन् महिने बोलत राहतात, मोठ्यांना काम मिळवून देण्यासाठी खटपट करतात, बायकांच्या हाताला कौशल्य मिळावे म्हणून धडपडतात. आई-बापाच्या पोटाचा प्रश्न बाजूला ठेवून लेकराचे कल्याण साधत नाही.

अन्नाला पालकत्वाची जोड देण्याची ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. वार लावणाऱ्या घरातील गृहिणीला त्या मुलाचे नाव ठाऊक असे, त्याची परीक्षा कधी आहे हे ठाऊक असे आणि तो एखाद्या वारी आला नाही, तर 'आज का बरे आला नाही?' अशी चौकशी होई. सात घरांनी मिळून वाटून घेतलेले ते पालकत्व होते. त्याची मर्यादाही मान्य केली पाहिजे. जातीच्या उंबरठ्याबाहेरचे मूल त्या पंक्तीत क्वचितच बसे. ती मर्यादा ओलांडण्याचे काम पुढे थोरांनी केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने तर दिलेच, पण अखेर मंगळसूत्रही मोडले. संत गाडगेबाबांनी गोरगरिबांसाठी सदावर्ते आणि धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्याच तोंडाने पोट मारूनही लेकरे शिकवा असे गावोगाव सांगितले. या सर्वांच्या अन्नदानाला शिक्षणाचे शेपूट जोडलेले नव्हते. शिक्षणासाठीच ते अन्न होते.

आता आजच्या काळातील एक व्यावहारिक गोष्ट. वाढदिवसाला शंभर पाकिटे वाटणाऱ्याला कदाचित ठाऊक नसेल की, याच मुलांच्या हक्काचे अन्न सरकारी व्यवस्थेत आधीच ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या प्रत्येक दिवशी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने देणारे शिजवलेले जेवण मिळावे, असे पोषण आहार योजनेचे प्रमाण आहे. शिजवलेलेच अन्न दिले पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला. सहा वर्षांखालील बालकाला आणि गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीतून वर्षातील ३०० दिवस पूरक आहार मिळावा, अशी तरतूद आहे. पण हे अन्न पटावर नाव असलेल्या मुलाच्या ताटात पडते. पुलाखालच्या मुलाचे नाव कोणत्याही पटावर नसते, म्हणून ते ताट त्याच्यापर्यंत येतच नाही.

येथे कार्यकर्त्याचे खरे काम सुरू होते. एका मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढवणे म्हणजे त्याला आठवीपर्यंत शाळेच्या प्रत्येक दिवशी जेवू घालणे होय. कोणत्याही धनिकाच्या वाढदिवसाहून हे अन्नदान मोठे आहे आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. लागतात ते हेलपाटे. जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा स्पष्ट सांगतो. वय दहा वर्षे आणि अक्षरओळख शून्य असेल, तरी त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यावे आणि त्याच्यासाठी विशेष शिकवणीची सोय करावी, असेही तोच कायदा सांगतो. पण निरक्षर आई हे कलम घेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत कशी पोहोचणार? तिच्याबरोबर चार वेळा जाणारा, अर्ज भरणारा, आधार आणि जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत रांगेत उभा राहणारा माणूस हवा. सुशिक्षित मध्यमवर्गाजवळ पैशांहून अधिक मोलाची अशी एक गोष्ट आहे. त्याला अर्ज लिहिता येतो आणि अधिकाऱ्यासमोर न घाबरता बोलता येते. ही त्याची शिदोरी त्याने पुलाखालच्या आईबरोबर वाटून घ्यावी.

मग घरच्या घरी, नोकरी-धंदा सांभाळून काय करता येईल? पहिली गोष्ट, नियमितपणा. वर्षातून एकदा पंचपक्वान्न वाढण्याऐवजी प्रत्येक शनिवारी, त्याच जागी, त्याच वेळी खिचडी आणि एक केळे घेऊन जावे. रस्त्यावरच्या मुलाने आयुष्यात अनेक माणसे एकदा पाहिलेली असतात. पुन्हा येणारा माणूस त्याने क्वचितच पाहिलेला असतो. तो पुन्हा येतो हे कळल्यावरच मूल आपले खरे नाव सांगते. दुसरी गोष्ट, अन्न ताजे असावे. लग्नकार्यात उरलेले, अनेक तास उघड्यावर राहिलेले अन्न सेवावस्तीत पाठवून पुण्य पदरी पडत नाही; पडते ते लेकराच्या पोटात दुखणे. जे स्वतःच्या मुलाला वाढता येत नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला वाढू नये.

तिसरी गोष्ट छायाचित्रांविषयी. हाती पाकीट देताना मुलाचे छायाचित्र काढून ते शेकडो लोकांना पाठवण्याची रीत अलीकडे फार बोकाळली आहे. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ते मूल उद्या मोठे होऊन नोकरीला लागेल, त्याचे लग्न ठरेल, तेव्हा हात पसरलेले ते चित्र त्याच्यासमोर येऊ नये, एवढी कणव देणाऱ्याजवळ हवी.

चौथी गोष्ट, चौकात नाणे देऊ नये. ते पैसे महिन्याच्या शेवटी मोजून अशा मुलांसाठी नियमाने काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत आणि त्यांचा हिशोबही विचारावा. मुलांना भिकेला लावणाऱ्यांना याच कायद्याने पाच वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपये दंडाची शिक्षा सांगितली आहे. कोणी मुलांच्या टोळीवर नजर ठेवून पैसे गोळा करताना दिसला, तर पोलिसांना किंवा १०९८ ला कळवणे हीसुद्धा सेवाच आहे.

बंधू-भगिनींनो, या कामात यश संथ आहे आणि अपयश नित्याचे आहे. सहा महिने शाळेत आलेले मूल एखाद्या सकाळी दिसत नाही, कारण कुटुंब रातोरात दुसऱ्या शहरात गेलेले असते. पाचवीपर्यंत पोहोचलेल्या मुलीचे लग्न ठरल्याची बातमी येते. नशेतून बाहेर पडलेला मुलगा पुन्हा त्याच सोबतीत जातो. पावसाळ्यात वस्ती उठवली जाते आणि वर्षभराची मेहनत पाण्यात जाते. ज्याला टाळ्यांची अपेक्षा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला गेलेल्या मुलाची चौकशी करीत दुसऱ्या पुलाखाली जाण्याची तयारी आहे, त्याने मात्र अवश्य यावे.

प्रत्येक सेवाभावी कुटुंबाने या वर्षी एवढाच संकल्प करावा की, शंभर अनोळखी मुलांना एकदा जेवू घालण्याऐवजी एका मुलाची वर्षभर जबाबदारी घ्यायची. त्याचे नाव, त्याच्या आईचे नाव, त्याची शाळा, त्याचा वर्ग हे घरातल्या सर्वांना तोंडपाठ असावे. घरातल्या दहावीच्या मुलाने त्याचा पाढा घ्यावा, आजीने त्याच्या बहिणीची वेणी घालावी, वडिलांनी त्याच्या दाखल्यासाठी कचेरीत जावे. वर्षाच्या अखेरीस तो दुसरीतून तिसरीत गेला, तर घरात पेढे वाटावेत. आणि तो आला नाही, तर त्याला शोधायला निघावे. असे वार लावणारी घरे शहराच्या प्रत्येक वॉर्डात उभी राहिली, तर पुलाखालच्या मुलांना दात्यांची वाट पाहावी लागणार नाही. त्यांची वाट पाहणारे कोणीतरी असेल.